पावणेदोन म्हणजे किती?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या मराठी विभागात एम. ए.च्या विद्यार्थ्यांची अंतर्गत तोंडी परीक्षा होती. सूचनाफलकावर आम्ही स्वच्छ अक्षरात लिहिले होते : 'परीक्षा दुपारी पावणेदोन वाजता सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांना प्रवेश दिला जाणार नाही.' ठरल्याप्रमाणे परीक्षा सुरू झाली आणि अडीचपर्यंत आटोपलीही. गुणतक्ते आवरून आम्ही उठण्याच्या बेतात होतो, तोच एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. ती घाईत नव्हती, धापा टाकत नव्हती. उलट पाच मिनिटे आधीच पोहोचल्याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर होते. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

आम्ही रागावलो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना वेळेचे भान नसावे, सूचना नीट वाचण्याची तसदीही कोणी घेऊ नये, वगैरे जे बोलायचे ते सारे बोलून झाले. ती गोंधळली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सर, पावणेदोन म्हणजे दोन पंचेचाळीसच ना?"

आधी आम्हांला हसू आले आणि मग हसण्याची लाज वाटली. कारण तिने पुढे जे सांगितले त्यात तर्काची चूक काढायला जागा नव्हती. सव्वादोन म्हणजे दोन पंधरा. अडीच म्हणजे दोन तीस. मग पुढचा पाव तास झाला की पावणेदोन, म्हणजे दोन पंचेचाळीस. तिचा मुलगा दुसरीत आहे. त्यालाही तिने असेच शिकवले होते. त्याच्या वहीत बाईंनी फुली मारली तेव्हा बाईंचेच काहीतरी चुकले असावे असे तिला वाटले होते. "मोबाइलमध्ये पावणे कुठे असतं, सर?" हा तिचा शेवटचा प्रश्न.

तिची परीक्षा आम्ही त्याच दुपारी घेतली. ती उत्तम झाली. परंतु तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. लहान मुलाला घड्याळ शिकवणे हे गणिताच्या बाईंचे काम आहे, अशी आमची आजवरची समजूत होती. ती समजूत चुकीची होती आणि या कामातला निम्म्याहून अधिक वाटा भाषेचा, म्हणजे आमच्यासारख्यांचा आहे, असे आता आम्हांला वाटते. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

खरे तर भुसावळसारख्या गावात हे घडावे याचेच नवल. १८६०च्या दशकात रेल्वे इथवर आली आणि गावाचे दैव बदलले. इथून एक मार्ग खंडवा-इटारसीकडे जातो, दुसरा नागपूरकडे. गावातल्या कितीतरी घरांचा दिवस सूर्यावर नव्हे, पाळीवर चालतो. 'आठ ते सोळा', 'सोळा ते शून्य', 'शून्य ते आठ' ही इथली नित्याची बोली. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या आमच्या पिढीला कॉलबॉय आठवतो. रात्री-अपरात्री तो ड्रायव्हरच्या क्वार्टरचे दार वाजवी, त्यांची सही घेई आणि निघून जाई. दाराच्या त्या आवाजाने घर जागे होई. ज्या गावात वेळ अशी दारावर येऊन थाप मारते, तिथल्या मुलांना वेळ समजत नसेल असे कोण म्हणेल?

परंतु वेळ वाचता येणे आणि वेळ समजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या ओळखीच्या एका रेल्वे-कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलीला 'बाबा किती वाजता येणार?' असे विचारले, तर ती ठसक्यात 'सोळा पंचवीस' असे सांगते. पण त्या वेळी ऊन असेल की अंधार पडला असेल, असे विचारले की ती गप्प होते. तिच्याकडे आकडा आहे, वेळ नाही. आमच्या विद्यार्थिनीकडेही आकडाच होता. 'पावणे' हा शब्द तिने त्या आकड्याला बाहेरून चिकटवला आणि तो चुकीच्या बाजूला चिकटला.

आता या शब्दांकडेच पाहू. 'सव्वा' हा संस्कृत 'सपाद'पासून आला. पाद म्हणजे चौथा भाग, तेव्हा सपाद म्हणजे चौथ्या भागासह. 'साडे' हा 'सार्ध', म्हणजे अर्ध्यासह. हे दोन्ही शब्द मागे पाहतात. जे पूर्ण झाले त्यात भर घालतात. 'पाऊण' मात्र 'पादोन', म्हणजे पाद ऊन, चौथ्या भागाने कमी. हा शब्द पुढे पाहतो. पावणेदोन म्हणजे दोन व्हायला पाव कमी. आमच्या विद्यार्थिनीने सव्वा आणि साडे यांचा नियम पावणेला लावला. तर्क अचूक, पण शब्दाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

गंमत अशी की 'दीड' आणि 'अडीच' हे शब्दही मुळात पुढेच पाहतात. दीड हा 'द्व्यर्ध'पासून आला, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धा आहे असा. अडीच हा 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. साडेतीनसाठी आपल्याकडे 'औट' हा शब्द होता, तो 'अर्धचतुर्थ'चा वंशज. औटकीचा पाढा म्हटलेली पिढी अजून आपल्यात आहे. जर्मन माणूस अडीच वाजले हे सांगताना आजही 'हाल्ब द्राय', म्हणजे 'अर्धे तीन' असेच म्हणतो. नेमका आपला अर्धतृतीय. त्याच्या शेजारचा इंग्रज मात्र बोलण्याच्या ओघात 'हाफ थ्री' म्हणतो तेव्हा त्याला साडेतीन म्हणायचे असते. ही दोन माणसे एकमेकांना भेटायला निघाली तर आमच्या विद्यार्थिनीसारखीच त्यांची गत व्हायची. तेव्हा हा घोटाळा काही मराठीचे मागासलेपण नव्हे. पुरा झालेला तास मोजायचा की भरत आलेला, हे प्रत्येक भाषेला ठरवावेच लागते. मराठीने दोन्ही केले.

क्रियापदाकडेही जरा लक्ष द्यावे. एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. परंतु पावणेदोन 'वाजले'. दोन अजून झालेले नाहीत, तरी क्रियापद अनेकवचनी झाले, कारण भाषेची नजर येणाऱ्या दोनवर लागलेली आहे. व्याकरणाच्या तासाला आम्ही हे कधी सांगितले होते का? प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. आणि वेळ आपल्याकडे 'वाजते' तरी का? ती डोळ्यांच्या आधी कानांवर येत होती म्हणून. जुन्या मराठीत 'तास' हा शब्द ठोके देण्याच्या धातूच्या थाळीसाठीही वापरत. पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र भरून बुडाले की घटका भरे. अशा साठ घटकांचा अहोरात्र, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. साठ पळांची एक घटका, म्हणजे पळ चोवीस सेकंदांचे. 'घटकाभर टेक' म्हणणाऱ्या आजीच्या मनात घड्याळ नसे, पण किती वेळ टेकायचे याचा अंदाज मात्र असे.

हा अंदाज हाच घड्याळाचा पाया आहे. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या कालकल्पनेवर १९४६ साली एक ग्रंथ लिहिला. दाव्होस येथे १९२८ साली आइनस्टाइन यांनी विचारलेल्या प्रश्नांतून त्या शोधाला चालना मिळाली, असे त्याने नमूद केले आहे. दोन वस्तू एकाच क्षणी निघून एकाच क्षणी थांबल्या, पण त्यातली एक अधिक लांब गेली, तर लहान मूल म्हणते की लांब गेलेलीला अधिक वेळ लागला. वेळ, अंतर आणि वेग यांची गाठ त्याच्या मनात अजून सुटलेली नसते. आम्ही घरच्या एका पाच वर्षांच्या मुलाबरोबर दोन खेळण्यातल्या गाड्या घेऊन हाच खेळ खेळलो. पॅसेंजर बोदवडला थांबली, मेल मलकापूरच्या पुढे गेली. दोघी एकदमच सुटल्या आणि एकदमच थांबल्या. जास्त वेळ कोण चालली? 'मेल! ती किती लांब गेली!' उत्तर देताना त्याला तिळमात्र शंका नव्हती. अशा मुलाच्या हातात आकड्यांचे घड्याळ दिले तर तो आकडे वाचील. ते कशाचे आकडे आहेत, हे त्याला कळायला अजून अवकाश आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रेल्वे काही पावणेपाच म्हणत नाही. ती 'सोळा पंचेचाळीस' म्हणते आणि तेच योग्य आहे. पहाटेचे पावणेपाच की दुपारचे, असा संशय जिथे जिवावर बेतू शकतो तिथे शब्दांची श्रीमंती काय कामाची? मोबाइलमध्ये आकडे आहेत, फलाटावर आकडे आहेत, परीक्षेच्या प्रवेशपत्रावरही आकडे आहेत. मग मुलांच्या माथी सव्वा, पावणे आणि काट्यांचे घड्याळ मारण्याचा हट्ट कशासाठी? केवळ आम्ही मराठीचे प्राध्यापक आहोत म्हणून?

या आक्षेपाला २०१९ सालच्या वादाची आठवण जोडता येईल. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीने 'वीस सात' अशा वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा या पद्धतीची बाजू मांडली होती : लिहिताना आधी वीस आणि मग सात, उच्चारताना मात्र आधी सात आणि मग वीस, या उलटापालटीने लहान मूल अडखळते, त्याची वाट सोपी करावी. आमच्या वर्तुळात त्या वेळी या सूचनेची पुष्कळ टिंगल झाली आणि त्या टिंगलीत आम्हीही सामील होतो. आज तसे करवणार नाही. मूल अडखळते हे खरे होते आणि ते मान्य न करता भाषेच्या अभिमानाने टाळ्या मिळवणे सोपे होते.

तरीही घड्याळाची गोष्ट थोडी निराळी आहे. 'सत्तावीस' आणि 'वीस सात' एकाच संख्येकडे एकाच बाजूने पाहतात. 'एक पंचेचाळीस' आणि 'पावणेदोन' तसे नाहीत. पहिल्यात किती झाले ते कळते, दुसऱ्यात किती उरले ते. गाडी दोनला सुटणार असेल तर आपल्याला हवे असते ते दुसरे. काट्यांच्या घड्याळात हे नुसते पाहून कळते, कारण पावणेदोनला लहान काटा दोनच्या अगदी जवळ आलेला असतो. आकड्यांच्या घड्याळात त्याच क्षणी ठळकपणे 'एक' दिसत असतो आणि दोन कुठेच नसतात. म्हणून मोबाइलमध्ये पावणे नसते. आमच्या विद्यार्थिनीचे निरीक्षण शब्दशः बरोबर होते. आणि हे शब्द एकट्या मराठीचे नाहीत, हेही सांगायला हवे. भुसावळच्या बाजारात हिंदी, उर्दू, गुजराती बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पौने दो, पोणा बे, पावणेदोन, सवा, सव्वा, डेढ, दोढ, दीड. वेगवेगळ्या घरांतली मुले वर्गात एकत्र आली तरी हा ठेवा सगळ्यांचा सामाईक निघतो.

मग शिकवावे कसे? आमचा अधिकार मर्यादित आहे. परंतु घरच्या आणि शेजारच्या मुलांबरोबर गेल्या वर्षभरात जे करून पाहिले ते सांगतो.

आरंभी घड्याळ नकोच. आधी क्रम आणि अवधी. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत काय काय होते? आई एक भाकरी भाजते तेवढ्यात तुझे बूट घालून होतात का? मूल आपली मापे आपण शोधते आणि ती मोजून पाहते. अंगणात एक काठी उभी करून तिची सावली दिवसभर खडूने आखावी. इथे मोठ्यांनाही काही शिकायला मिळते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि भुसावळ जवळजवळ पावणेशहात्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने आपली सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, साधारण बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी. वर्षभरात ती थोडी मागेपुढे होते एवढेच. त्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत असे, मुंबईचे घड्याळ त्याहून सुमारे अर्धा तास मागे होते आणि नवी प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईत जुनी मुंबईवेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत पाळली गेली. घड्याळातली वेळ ही माणसांनी आपसात केलेली तडजोड आहे. मूल ती एका दिवसात का शिकत नाही, म्हणून त्याच्यावर ओरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

नंतर घड्याळ आणावे, पण मिनिटकाटा काढून. एका तासकाट्याने किती सांगता येते ते पाहून आम्हीच थक्क झालो. काटा चारवर आहे. चारच्या जरा पुढे आहे. चार आणि पाचच्या मधोमध आहे. पाचला टेकायला आला आहे. चार, सव्वाचार, साडेचार, पावणेपाच. नाव काट्याच्या जागेवरून येते, पाठांतरातून नाही. 'पावणे'ची दिशा इथे समजावून सांगावी लागत नाही, ती दिसते. साडेएक आणि साडेदोन असे मूल हमखास म्हणेल. म्हणू द्यावे. नियम कळल्याचीच ती खूण आहे. दीड आणि अडीच हे अपवाद हसत सांगावेत. त्याआधी एखाद्या दुपारी भाकरीचे चार तुकडे करून पाव, अर्धी आणि पाऊण ही ओळख करून दिलेली असावी.

मिनिटकाटा यावा तो यानंतर, पाचाचा पाढा येऊ लागल्यावर. इथे मूल अडते ते गणितात नव्हे, अर्थात. एकच तीन लहान काट्यासाठी तीन आणि मोठ्या काट्यासाठी पंधरा कसा? आम्ही ज्याला श्लेष म्हणतो आणि जो बी. ए.च्या वर्गात उदाहरणे देऊन शिकवतो, त्याच्याशी मुलाची ही पहिली गाठ. एका चिन्हाचे दोन अर्थ असू शकतात आणि कोणता घ्यायचा हे संदर्भावरून ठरते, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला पचायला वेळ लागणारच. तो द्यावा. सर्वांत शेवटी आकड्यांचे घड्याळ आणि रेल्वेची चोवीस तासांची वेळ : सोळातून बारा गेले, उरले चार. तोवर सोळा पंचवीसला ऊन असते की अंधार, हे त्याला विचारावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र पद्धतीच्या पलीकडची आहे. आपण मोठी माणसे मुलांशी वेळेबाबत सर्रास खोटे बोलतो. 'दोन मिनिटं थांब' म्हणतो आणि वीस मिनिटे फोनवर बोलत राहतो. 'पाच मिनिटांत बंद कर' म्हणतो आणि दोनच मिनिटांनी टीव्ही बंद करतो. ज्या मुलाची पाच मिनिटे कधी दोन तर कधी वीस भरतात, त्याला मिनिटाचे माप कळावे कसे? शिवाय घड्याळाकडे बोट जाते ते बहुधा रागावतानाच : बघ किती वाजले, उशीर झाला, बस सुटली, आता बारा वाजले. घड्याळ म्हणजे आपल्याला दरडावणारे काहीतरी, असे मुलाच्या मनात बसले तर ते तिकडे पाहायलाच नाखूश असेल. पाच मिनिटे म्हटले की पाच मिनिटेच, एवढा नेम महिनाभर पाळून पाहावा. आम्हांला तो अवघड गेला, हे कबूल करतो.

आणि आमच्याच पेशाबद्दल शेवटचे थोडे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि त्यांच्या बोलीचे गोडवे गातो. बोलीतला एकेक शब्द हा पाहण्याची एकेक रीत असतो, असेही म्हणतो. परंतु आमच्यासमोर बसलेल्या विद्यार्थिनीच्या भाषेतून 'पावणे'ची दिशा हरवली आहे, हे आम्हांला परीक्षेची वेळ टळून गेल्यावर कळले. तेही तिला बोल लावल्यानंतर. शब्द जातात तेव्हा आवाज होत नाही. ते शब्दकोशात असतात, फलकावरही असतात. वाचणाऱ्याला ते भलतीकडे नेतात एवढेच.

त्या दिवसापासून आमच्या विभागाच्या सूचनेत वेळ दोन्ही प्रकारे लिहिली जाते : 'दुपारी १.४५ (पावणेदोन)'. काही सहकाऱ्यांना हे बालिश वाटते. वाटो. मध्यंतरी ती विद्यार्थिनी भेटली. घरातल्या जुन्या घड्याळाचा मिनिटकाटा काढून तिने ते मुलाला दिले आहे. परवा तो म्हणाला म्हणे, "आई, पाच वाजत आलेत, पण अजून वाजले नाहीत."

म्हणजे पावणेपाच. शब्द त्याला ती आता सांगेल.